व्हिएतनाममध्ये शिकवताना: तुमचेही अनुभव लिहा

शेवंती

आज सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला तर फरशी ओली. पाऊस आत आला नव्हता, कुणी पाणीही सांडलं नव्हतं, फरशीलाच घाम फुटलेला. चिपळूणला पावसाळ्यात याचं काही नवल नाही. पण तळव्याला तो गार ओलावा लागला आणि मी थेट हानोईत जाऊन पोचले.

तिकडे या ओलीला 'नोम' म्हणतात. थंडी सरता सरता, फेब्रुवारी-मार्चात, समुद्रावरून दमट वारं येतं आणि गारठलेल्या भिंती-फरश्यांवर त्याचं पाणी होतं. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. फळ्यावर खडू उमटत नाही. पोरं घसरू नयेत म्हणून आमच्या शाळेत जिन्याच्या पायथ्याशी पुठ्ठे अंथरायचे, आणि मधल्या सुट्टीत पोरं त्याच पुठ्ठ्यांवर बसून घसरगुंडी करायची.

२०१५ ते २०१९ मी तिथे इंग्रजी शिकवलं. इंग्रजीचे क्लास चालवणाऱ्या एका सेंटरने मला सरकारी प्राथमिक शाळेत पाठवलं होतं. वर्गात ४८ मुलं. घंटेऐवजी मोठा ढोल, तो वाजला की तास सुरू. मी दारात आले की सगळी उभी राहून एका सुरात म्हणायची, "चूंग एम चाओ को आ!" शेवटचा 'आ' आदराचा. 'को' म्हणजे बाई, एवढं मला सांगून ठेवलेलं होतं. महिन्याभराने घरमालकिणीची नात तिच्या बापाच्या बहिणीला 'को' म्हणून हाक मारताना ऐकली आणि लख्ख कळलं. को म्हणजे आत्या! मी ४८ भाचरांना शिकवत होते.

त्या भाषेत नात्याशिवाय बोलताच येत नाही. मुलांशी बोलताना मी स्वतःला 'मी' म्हणायचं नाही, 'आत्या' म्हणायचं. "आत्या उद्या येणार नाही." म्हणून तर पहिल्या भेटीत जो तो वय विचारतो, कारण समोरच्याला ताई म्हणायचं की मावशी, हे ठरल्याशिवाय पुढचं वाक्यच सुरू होत नाही. आणि वयामागोमाग, लग्न झालं का? मी तेव्हा ३४ वर्षांची, लग्न न झालेली. "खोंग" म्हणाले, म्हणजे नाही. घरमालकीणबाईंनी माझा हात धरून दुरुस्त केलं, "चुअ." अजून नाही. जे पुढे होऊ शकतं त्याला खोंग म्हणत नाहीत, चुअ म्हणतात. साधं व्याकरण आहे ते. पण घरी इतकी वर्षं माझ्या 'नाही'नंतर जो सुस्कारा ऐकायची सवय झाली होती, तो या शब्दानंतर आला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पहिलं तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष. हानोई रिकामं. जो तो गावाला, दुकानांची शटर खाली. मी तीन दिवस एकटी खोलीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. माझ्या वर्गातला एक मुलगा आणि त्याची आई. बाहेर बारीक भुरभुर पाऊस, त्याच्या केसांवर थेंब तसेच थांबलेले. त्याने संत्र्यांची पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरली आणि पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं. मला काय करावं सुचेना. घरात द्यायला काही नव्हतं. शेवटी आईने पाठवलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडला. नंतर शाळेतल्या बाईंनी सांगितलं, तिथे म्हणच आहे: तेतचा पहिला दिवस बापाचा, दुसरा आईचा, तिसरा गुरुजींचा.

पुढची तीन वर्षं मी तिसऱ्या दिवशी पहाटे उठून शिरा करून ठेवायचे. कुणी ना कुणी यायचंच.

तुमच्यापैकी कुणी तिकडे शिकवलंय, राहिलंय? लिहा ना.

सायगावकर

ताई, तुमचा नोम आमच्याकडे दक्षिणेत नाही. आमच्याकडे ऋतू दोनच, पावसाळा आणि कोरडा, उकाडा बारमाही. 😀 सायगावात सात वर्षं गणित शिकवतोय.

मला आठवते ती दुपारची झोप. साडेअकराला जेवण, की दिवे बंद. मुलं घडीच्या खाटांवर, मास्तर लोक स्टाफरूममध्ये टेबलाखाली चटई टाकून. पहिल्या आठवड्यात मी त्या अंधारात लॅपटॉप उघडून पेपर तपासत बसायचो. कुणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी पाहतो तर माझ्या खुर्चीवर उशी ठेवलेली, नवीकोरी, अभ्र्यावर बदकं. शेजारच्या थयनी (थय म्हणजे सर) आणली होती. तेव्हापासून मीही झोपतो. उशी तीच आहे.

मोगरा_४२

वाचताना डोळे भरले ग शेवंती. पाहुणे आलेत, संध्याकाळी लिहिते.

इंद्रायणीकाठ

नमस्कार. आम्ही माळकरी. धाकट्या मुलीला दा नांगच्या एका शाळेतून नोकरीचं पत्र आलं आहे. सौ.ला एकच काळजी, ही खाणार काय? ऐकलं ते खरं का, की तिथे भाजीतसुद्धा माशाचं पाणी असतं?

सायगावकर

काका, खरं आहे. नुओक माम म्हणतात त्याला. अँचोवी नावाचे छोटे मासे आणि मीठ महिनोन् महिने पिंपात मुरवून काढलेलं पाणी. साध्या परतलेल्या पालेभाजीतही चमचाभर असतं. पण मुलीला दोन शब्द शिकवून ठेवा. "आन चाय" म्हणजे मी शाकाहारी, आणि "खोंग नुओक माम". बौद्ध लोक त्यांच्या पंचांगाच्या १ तारखेला आणि पौर्णिमेला चाय पाळतात, त्यामुळे ही कल्पना भाजीवालीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. पाटीवर 'कम चाय', म्हणजे शाकाहारी जेवण, दिसलं की डोळे मिटून आत शिरायचं. टोफू, केळफूल, फणस, अळंबी, सगळं मिळतं.

इंद्रायणीकाठ

केळफूल मिळतं म्हटल्यावर सौ.चा चेहरा खुलला.

डोंगरवाट

केळफूल कच्चंच बारीक चिरून सॅलडमध्ये घालतात ते लोक. आपल्यासारखं रात्रभर ताकात भिजवायची भानगड नाही, लिंबाच्या पाण्यात टाकलं की झालं.

सुगरण_साताऱ्याची

ताकात कशाला रात्रभर, मी तासभरच ठेवते. काळं पडत नाही.

डोंगरवाट

आमच्याकडे रात्रभर. आईची पद्धत.

वऱ्हाडी_मास्तर

सगळ्यांचं गोड चाललंय, मी जरा कडू लिहितो. माफ करा, पण हेही यायला पाहिजे.

मला फोनवर मुलाखत घेऊन एका सेंटरने बोलावलं. डिग्रीवर शिक्के मारून घेण्यातच चार महिने गेलेले, इथून मंत्रालय, तिथून वकिलात. पोचल्यावर मॅनेजर म्हणाली, पालकांना गोरे शिक्षक हवे असतात, तुम्ही वर्गात लंडनहून आलो म्हणून सांगा. मी म्हटलं, मी अमरावतीचा आहे आणि मुलांशी खोटं बोलून मला शिकवता येणार नाही. पगार गोऱ्या सहकाऱ्याच्या निम्मा होता, तो मी सहन केला असता. हे नाही झालं. सहा आठवड्यांत सोडलं. जवळ पैसे नव्हते, घरी सांगितलं नव्हतं.

मग दुसऱ्या गावातल्या एका साध्या शाळेत लागलो. तिथे पहिल्याच दिवशी नकाशा लावला आणि अमरावतीवर बोट ठेवलं. मुलांनी विचारलं, सर, तुमच्याकडे भात खातात का? म्हटलं, खातात. त्यांना तेवढं पुरलं.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना सांगायची आहे. त्यांची भाषा आपल्या तोंडाला बसते! त आणि थ वेगळे आहेत त्यांच्यात. माझा इंग्रज सहकारी 'थय'ला वर्षभर 'टाय' म्हणत होता. आणि ते जे शब्दाच्या सुरुवातीला ङ येतं, वाङ्मयातलं ङ, ते जरा जिभेला वळण दिलं की जमतं. सूर मात्र रडवतात. 'मा' एकच, पण सूर बदलला की भूत, आई, थडगं, घोडा, भाताचं रोप. भाताची लावणी झाली का हे विचारताना माझं दोनदा थडगं झालं, आणि शेतातल्या बायका हसून हसून बांधावर बसल्या. मग त्यांनीच बसून शिकवलं.

शेवंती

मास्तर, बरं केलंत लिहिलंत. 'फक्त नेटिव्ह', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत, असं लिहिलेल्या जाहिराती मीही पाहिल्यात. तुम्ही त्या सेंटरमध्ये राहिला नाहीत याचा मला मनापासून आनंद झाला.

उच्चारांचं अगदी खरं. उलट बाजूने मुलांची अडचण वेगळी, शब्दाच्या शेवटचं व्यंजन ती गिळतात. लाइक, लाइट, लाइफ, तिन्ही 'लाय'. त्यांच्या बोलण्यात शेवटचा क किंवा त ओठाआड बंद होतो, बाहेर सुटत नाही. मी मेणबत्ती घेऊन जायचे. 'लाइट' म्हणा आणि शेवटच्या टने ज्योत हलवा. वर्ग दंगा करायचा, पण ट यायचा.

पारिजात

मेणबत्तीची युक्ती माझ्या स्पीच थेरपीच्या मुलांसाठी चोरतेय 🙏

कोकणकडा

शेवंतीताई, फरशीचं काय केलंत? आमच्या सासूबाई खिडक्या उघडून पंखा लावतात, तरी ओलीच.

शेवंती

अगं, उघडूच नका! बाहेरचीच दमट हवा आत येते आणि फरशीवर बसते. हानोईत नोम आला की सगळी दारं-खिडक्या बंद, आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. ओलं पोछा मारणं तर नाहीच.

कोकणकडा

सासूबाईंना तुमचं नाव सांगून सांगते 😄

राजगड_प्रेमी

एक विचारायचं होतं. व्हॉट्सॅपवर नेहमी येतं, की व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांची प्रेरणा घेऊन, तिथल्या नेत्याने तसं सांगितलं. तुम्ही तिथे राहिलात, तिथे महाराजांबद्दल शिकवतात का?

शेवंती

दादा, मला महाराजांविषयी जितका आदर तुम्हाला आहे तितकाच आहे, म्हणून खरं ते सांगते. चार वर्षांत मला ना पुस्तकात, ना कुणा शिक्षकाच्या तोंडी हे आढळलं. तो निरोप आपल्याकडेच फिरतो. त्यांच्याकडे त्यांचे स्वतःचे वीर आहेत. इ. स. ४० मध्ये चिनी सत्तेविरुद्ध उठलेल्या त्रुंग भगिनी. १२८८ मध्ये बाक दांग नदीच्या तळाशी टोकदार खुंट रोवून, ओहोटीत मंगोलांची जहाजं त्यांवर अडकवणारा त्रान हुंग दाओ. गावोगावी रस्त्यांना त्यांची नावं आहेत. मी शिक्षकांच्या खोलीत नकाशा काढून प्रतापगडाची गोष्ट सांगितली, तेव्हा इतिहासाच्या बाई खुर्ची ओढून पुढे बसल्या आणि मला बाक दांग सांगितलं. दोन्हीकडे जागा ओळखून लढणारी माणसं. त्या दुपारी कुणी झोपलं नाही.

राजगड_प्रेमी

हे ठाऊक नव्हतं. खुंटांबद्दल वाचायला घेतो. धन्यवाद ताई.

प्रवासी_पक्षी

मी शिक्षिका नाही, नवऱ्याच्या नोकरीमुळे होते. माझा अनुभव नोटांचा. २०,००० ची निळी आणि ५,००,००० ची पण निळसर. नवीन असताना बुन (तांदळाच्या शेवया) विकणाऱ्या आजींना घाईत चुकून मोठी दिली आणि चालू पडले. आजी चौकापर्यंत धावत आल्या, पायात एकच चप्पल! नोट परत दिली, वर रागावल्या. काय म्हणाल्या ते शब्द कळले नाहीत, पण अगदी माझ्या आजीच्या सुरात होतं.

रस्ता ओलांडणं तर सांगतच नाही. थांबू नका, पळू नका, एका चालीने चालत राहा, दुचाक्या आपोआप बाजूने जातात.

नारळीपाक

व्हिएतनाम नाही चालणार का? मी बँकॉकला होते. तिथे शाळेत 'वाई क्रू' असतो, मुलं गुडघ्यावर बसून शिक्षकांना फुलं देतात. बहुतेक गुरुवारीच करतात, कारण त्यांचाही गुरुवार बृहस्पतीचाच!

सायगावकर

चालेल की. आमच्याकडे शिक्षकदिन २० नोव्हेंबरला, त्या दिवशी स्टाफरूम फुलबाजार होतो. आणि गंमत म्हणजे ५ सप्टेंबर, आपला शिक्षकदिन, त्या दिवशी तिथे देशभर शाळांच्या नव्या वर्षाचा उद्घाटन सोहळा असतो.

मोगरा_४२

पाहुणे गेले. लिहू की नको करत होते.

मी मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे शहरात होते. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या. जुलैत आई गेली, कोल्हापूरला. मला निघताच आलं नाही. भावाने फोन धरला होता, त्यातून पाहिलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांची वू लानची पौर्णिमा आली. त्या दिवशी पॅगोडात दाराशी मुली टोपली घेऊन बसतात आणि येणाऱ्याच्या छातीवर कापडी गुलाब लावतात. आई असेल तर लाल, नसेल तर पांढरा. आदल्या वर्षी मी लाल लावून घेतला होता, फोटोही आईला पाठवला होता. माझ्याबरोबर शाळेतली मुलगी होती, दहावीतली. टोपलीवाली माझ्याकडे बघून विचारायला लागली आणि मला शब्द फुटेना. तर या पोरीने तिला हळूच काहीतरी सांगितलं, स्वतः पांढरा गुलाब उचलला आणि माझ्या ओढणीला टाचला. मग स्वतःला लावून घेतला, तोही पांढरा. तीन वर्षं मी तिला शिकवत होते. मला माहीत नव्हतं.

पारिजात

🙏

वऱ्हाडी_मास्तर

ताई, काही लिहिता येत नाही. वाचलं एवढं सांगतो.

शेवंती

मोगरा, तुला फोन करते रात्री. नंबर तोच आहे ना?

मोगरा_४२

तोच. नऊनंतर कर.

इंद्रायणीकाठ

आम्ही दोघांनी सगळं मिळून वाचलं, मुलीलाही वाचून दाखवलं. ती जायचं म्हणते आहे. आन चाय, खोंग नुओक माम, हे वहीत लिहून घेतलं. आणखी काही?

शेवंती

काका, लग्नाचं विचारलं तर 'खोंग' नाही, 'चुअ'. काहीही देताना-घेताना दोन्ही हात. हानोईकडे बदली झाली तर मार्चात कोरडी फडकी भरपूर.

इंद्रायणीकाठ

लिहिलं. सौ. विचारते, मेतकूट न्यायला चालतं का?

सायगावकर

मी दर वेळी नेतो, सीलबंद पाकिटातून. माझ्या शेजारच्या थयना गरम भातावर फार आवडतं. जरा जास्तच द्या.