क्लब हाऊसच्या टीव्हीचं काय करायचं?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. क्लब हाऊसच्या टीव्हीवर पंधरा दिवसांपासून 'नो सिग्नल' येतंय. केबल ठेवायची का बंद करायची, आज ठरवून टाकू.

बी-३०४ वहिनी: बंद करा की ओ. घरोघरी टीव्ही असताना तिथं जाऊन कोण बघतंय?

ए-१०२ आजोबा: मी बघतो.

ए-१०२ आजोबा: अन् दूरदर्शनवर बघण्यासारखं असतंय ते थंडीतच. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, मग नागपूर अधिवेशनाच्या बातम्या, २६ जानेवारीचं संचलन, २९ ला संध्याकाळी बीटिंग रिट्रीट, १ फेब्रुवारीला बजेट. कुणी कुणावर ओरडत नाही, एकाच वेळी आठ चेहरे भांडत नाहीत. घरी नातवाची कार्टून संपेपर्यंत रणगाडे निघून गेलेले असतात. २०१५ ला महाराष्ट्राच्या चित्ररथावर पंढरीची वारी होती, पहिला नंबर आला. दिल्लीत पाऊस, ओबामा पाहुणे. आपल्या जिल्ह्याचा विठोबा राजपथावर चाललेला, अन् नेमकी त्याच दिवशी आमची केबल गेलेली! शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून बघितलं मी.

सी-१०३ काका: आमच्याकडं सह्याद्री मधूनच गायब होतं. विचारलं तर केबलवाला म्हणतो, "ते कोण बघतं आता?"

ए-१०२ आजोबा: कोण का बघेना! दूरदर्शनचे ठरवून दिलेले चॅनेल त्याला दाखवावेच लागतात. १९९५ चा केबल कायदा, कलम ८.

बी-३०४ वहिनी: आजोबांना कलम तोंडपाठ 😄

सी-२०१ दादा: केबल सोडा, दूरदर्शनची फ्री डिश लावू. छत्री अन् बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याला रुपया नाही. फक्त बॉक्स एमपेग-४ चा घ्या, जुन्या बॉक्सवर सगळे चॅनेल लागत नाहीत.

सेक्रेटरी: गच्चीवर जागा कुठंय? अर्धी गच्ची सोलरनं खाल्ली.

सी-२०१ दादा: बघून आलो. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, सोलापूर ७६ च्या आसपास. म्हणजे छत्रीचं तोंड सरळ आग्नेयेला. तिथं आपली सहा फुटी टाकी आडवी येते. पण छत्री साठेक अंश वर बघणार, म्हणून टाकीपासून चार-पाच फूट मागं ठेवली की काम झालं.

बी-३०४ वहिनी: चार-पाच फूट मागं म्हणजे माझी पापड वाळवायची जागा!!

सी-१०३ काका: आग्नेयेला तर स्वयंपाकघर पाहिजे, वास्तू बिघडंल 😂

सी-२०१ दादा: पापड छत्रीवर वाळवा वहिनी, गोल बसतील.

सेक्रेटरी: विषयावर या. संक्रांतीच्या आत बसवायचं का?

सी-१०३ काका: त्या आठवड्यात टीव्ही बघायला सोलापुरात असतंय कोण? सगळे गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या यात्रेत. एकदा नंदीध्वज निघाले की वायरमनसुद्धा फोन उचलत नाही. आधी तरी बसवा नाहीतर यात्रेनंतर.

सेक्रेटरी: २६ ला आठ वाजता झेंडावंदन आहे, संचलन साडेदहाला. मधल्या वेळात माणसं घरी जातात, परत येत नाहीत.

सी-१०३ काका: हुरडा ठेवा, मग बघा कोण जातंय ते. मंगळवेढ्याहून पाहुण्यांकडून आणतो. कोवळा, आगटीवर भाजलेला. पार्किंगमध्ये गोवऱ्या पेटवायला परवानगी द्या.

बी-३०४ वहिनी: शेंगाची चटणी माझ्याकडं. दही कुणीतरी आणा. छत्रीचं मात्र मान्य नाही, आधीच सांगते.

ए-१०२ आजोबा: काहीही लावा. रिमोट माझ्याकडं राहील.

सेक्रेटरी: आजोबा, रिमोट आत्ता कुठंय?

ए-१०२ आजोबा: माझ्याकडंच. पोरं पळवतात म्हणून पंधरा दिवसांमागं घरी आणला.

सी-२०१ दादा: पंधरा दिवस? आजोबा, आणायच्या आधी त्यावरचं 'सोर्स' लिहिलेलं बटण दाबलंत का?

ए-१०२ आजोबा: वरचं का कोपऱ्यातलं?

सेक्रेटरी: दादा, आधी खाली या. छत्रीचं नंतर बघू.