रस्त्यावर मेलेलं जनावर उचलायचं कुणी? पंचायतीनं की गावच्या पोरांनी?

वेंगुर्ला रोडकर
साखर कारखाने सुरू झाले की आमच्या बेळगाव भागातल्या रस्त्यांवर जनावरं मरायचं प्रमाण वाढतं. रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ऊस तुटल्यामुळं आसरा गेलेले कोल्हे आणि मुंगसं, भाकड म्हणून सोडून दिलेली गुरं, आणि भटकी कुत्री. एक कुत्रं मेलं की ते खायला दुसरं येतं आणि तेही चाकाखाली जातं. अंधारात दुचाकीवाला त्यावरून घसरला तर हातपाय मोडून घेतो.

गेल्या हंगामात आमच्या गावात शाळेच्या वळणावर एक खोंड असंच मेलं. पंचायतीत सांगितलं तर रस्ता आमचा नव्हे म्हणाले. रस्त्याच्या कार्यालयात गेलो तर मेलेलं जनावर म्हणजे सफाईचं काम, पंचायतीला सांगा म्हणाले. जनावरांच्या दवाखान्यात जिवंत असेल तर येतो, असं उत्तर. शेवटी वास सहन होईना म्हणून मंडळाच्या पोरांनी दोरी बांधून ट्रॅक्टरनं फरफटत नेलं आणि ओढ्याच्या काठाला टाकलं. गावानं त्यांचं कौतुक केलं. मला ते कौतुक खटकलं. ओढ्याच्या खालच्या अंगाला पिण्याच्या विहिरी आहेत. आणि पोरांनी उचललं म्हटल्यावर पंचायतीच्या दृष्टीनं विषय मिटला, तक्रारीची साधी नोंदही राहिली नाही.

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे २९ विषय आहेत, त्यात आरोग्य आणि स्वच्छता स्पष्ट लिहिलेली आहे. केंद्राच्या वित्त आयोगाच्या अनुदानातला एक भाग स्वच्छतेवरच खर्च करावा लागतो. मग घरपट्टी भरणाऱ्यानं नाकाला रुमाल बांधून स्वतः खड्डा का काढायचा? आपण उचलत राहू तोवर ते उचलणार नाहीत. तुमचं मत सांगा.

निपाणी भाग
पटलं नाही. तुमच्या शाळेच्या वळणावर पोरं रोज त्या वासातून गेली असती आणि तुम्ही अर्जाची पोच सांभाळत बसला असता, हे चाललं असतं का? ओढ्यात टाकलं हे वाईटच केलं, पण म्हणून उचललं हेच चूक, असं कसं म्हणता?

आमच्याकडं गल्लीतली घरं वर्गणी काढतात, जेसीबी बोलावतात, माळावर खड्डा काढून पुरतात. सकाळी सांगितलं की दुपारपर्यंत मोकळं. पंचायतीशी भांडण आम्हीही करतो, पण ते नंतर. हायवेचं म्हणाल तर तिथं वेगळी सोय आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर १०३३ ला फोन करा, गस्तीची गाडी येते, कोगनोळी किंवा हत्तरगी टोलवर सांगितलं तरी निरोप जातो. खरी अडचण आतल्या रस्त्यांची आहे, आणि तिथं गावानंच पुढं व्हायला पाहिजे. पूर्वी सगळं सरकार करत होतं काय?

जांबोटीकर
दोघांनाही थांबवतो, कारण तुम्ही गुरं आणि कुत्री धरून बोलताय. आमच्या जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्त्याला भीमगड अभयारण्याचं रान लागून आहे. तिथं मरतं ते सांबर, उदमांजर, साळिंदर, अजगर, कधी बिबट्याचं पिल्लू. याला पंचायतीनंही हात लावायचा नाही आणि पोरांनीही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणं मेलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता असतो. नखं, कातडं, काटे घरी नेले तर गुन्हा. चांगल्या मनानं पुरलं तरी उद्या चौकशी झाली तर उत्तर द्यायला तुम्हीच. वनखात्याच्या १९२६ वर कळवायचं, जागा नेमकी सांगायची, ते येऊन पंचनामा करतील.

दुसरं, आणि हे खानापूर तालुक्यातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवायचं. माकड मेलेलं दिसलं तर जवळही जायचं नाही, मग ते गाडीखाली आलेलं वाटो नाहीतर झाडाखाली पडलेलं असो. माकडताप हा आपल्या रानाला लागून असलेला आजार आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, २०१५-१६ च्या सुमारास गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला. माकड मेलं की अंगावरची गोचीड खाली उतरते आणि पुढचं अंग शोधते. तिथं हौसेनं दोरी बांधायला गेलेला पोरगा आठवड्याभरात तापानं फणफणलेला असतो. आधी वनखातं आणि आरोग्य केंद्र, दुसरं काही नाही.

जोतीची लेक
एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती मी बोलते.

"गावानं पुढं व्हावं" म्हणता तेव्हा प्रत्यक्षात हाक कुणाला जाते? आमच्या आज्याला जायची. त्याच्या बापालाही जायची. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, हे बाबासाहेबांनी सांगितलं. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर गावोगावच्या आमच्या लोकांनी ते काम टाकलं आणि त्याबद्दल दुकान बंद, पाणी बंद, शेतातली वाट बंद असलं सगळं सोसलं. कर्नाटकात १९६१ च्या कायद्यानं गावकामगारीची वतनंही, म्हणजे पिढीजात लादलेली गावची कामं, गेली. "पूर्वी सगळं सरकार करत होतं काय" असं निपाणीवाल्यांनी विचारलं. पूर्वी सरकार करत नव्हतं आणि गावही करत नव्हतं. एका वस्तीकडून करून घेतलं जात होतं.

आणि पंचायतीकडं काम दिलं की न्याय झाला, हेही मी मानत नाही. पंचायतीतून "माणूस पाठवतो" म्हणतात. तो माणूस कुठल्या वस्तीतला असतो ते बघा. हातात मोजे नसतात, पायात गमबूट नसतात, हातावर शंभर-दोनशे टेकवले की झालं. आता कचऱ्याची स्वच्छ वाहिनी बचत गटाच्या बायका चालवतात. सुका कचरा गोळा करणाऱ्या त्या गाडीत मेलेलं कुत्रं टाका म्हणून त्यांना सांगितलं जातं. त्या नाही म्हणू शकत नाहीत, कारण काम जाईल. तेव्हा प्रशासनाकडं मागणी करायची असेल तर यंत्राची करा. उचलायला यंत्र, सोबतच्या माणसाला पूर्ण मजुरी, मोजे, बूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. "माणूस पाठवा" एवढीच मागणी असेल तर त्या अर्जावर माझी सही नाही.

निपाणी भाग
ताई, तुमचा मुद्दा खरा आहे. पण आमच्या गल्लीत जेसीबी उचलतो, वर्गणी सगळे देतात, दोरी लावायला कुठल्या वस्तीला हाक जात नाही. म्हणूनच मी म्हणतो की काम आपल्या हातात ठेवावं. कंत्राटदाराकडं गेलं की तो कुणाला जुंपतो ते आपल्याला कळतही नाही.

जोतीची लेक
तुमच्या गल्लीचं ऐकून बरं वाटलं. वर्गणी न जमणाऱ्या गल्लीचं काय, ते सांगा.

शहापूरचा
बेळगाव शहरात महानगरपालिकेची गाडी येते, फोन लावून धरला तर. पण आता शहराच्या कडेला नव्या वसाहती झाल्यात. रस्त्याची एक बाजू पालिकेत, दुसरी पंचायतीत, पुढचा तुकडा कॅन्टोन्मेंटचा. जनावर कुठल्या बाजूला पडलंय यावर वाद होतो.

चंदगडी
आमच्याकडं शिनोळी-बाचीला तर अर्धा रस्ता एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या. हद्दीच्या दगडाजवळ म्हैस पडली तर कोल्हापूर जिल्ह्याला सांगायचं की बेळगाव जिल्ह्याला? माझं मत सरळ आहे. ज्याचं गाव जवळ, त्यानं उचलावं. साठ-सत्तर वर्षांचा सीमाप्रश्न म्हशीवर नको.

निवृत्त जनावरांचा डॉक्टर
नोकरीची वर्षं याच जिल्ह्यात गेली, म्हणून सांगतो.

रस्त्याकडेला पडलेलं प्रत्येक जनावर गाडीनं मेलेलं नसतं. गोठ्यात रोगानं मेलेलं रात्री आणून टाकतात आणि लोक अपघात समजतात. २०२२ ला लंपी या गुरांच्या त्वचारोगाच्या साथीत हे फार झालं. नाकातोंडातून किंवा मागच्या बाजूनं काळसर, न गोठणारं रक्त येत असेल आणि अंगावर मार दिसत नसेल तर फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स हा रोग, असण्याची शक्यता धरा. तसं जनावर कापायचं नाही, सोलायचं नाही, फरफटत न्यायचं तर मुळीच नाही. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि त्याच जागेवर चरणारी गुरं पुढं मरतात. दवाखान्याला कळवा. १९६२ हा फिरत्या दवाखान्याचा नंबर जिवंत जनावरासाठी आहे, पण रोगाचा संशय असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यांना सांगायलाच पाहिजे. मेलेल्या कुत्र्याला उघडा हात लावू नका, पिसाळलेलं होतं की नाही ते तोंडावर लिहिलेलं नसतं.

पुरायचं असेल तर खड्डा खोल हवा, वर पुरुषभर माती यायला पाहिजे, नाहीतर कुत्री रात्रीत उकरतात. विहीर, ओढा, बोअर यांपासून लांब.

आणि पूर्वीची पद्धत आता चालणार नाही. तेव्हा गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागेवर गिधाडं उतरत आणि थोड्या वेळात सांगाडा उरे. जनावरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधानं गिधाडं संपली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण गेलेली गिधाडं आपल्या माळावर परत आली नाहीत. आता उघड्यावर टाकलेलं मढं कुत्र्यांचे कळप वाढवतं.

अनगोळ
मूळ प्रश्नाकडं येतो. तक्रार लेखी द्या आणि कन्नडमध्ये द्या. पीडीओ, म्हणजे पंचायतीचा विकास अधिकारी, बदलून आलेला असतो, त्याला मराठी येत नाही, कागद बाजूला पडतो. काम व्हायला पाहिजे की नको?

येळ्ळूर
का म्हणून? घटनेच्या ३५० व्या कलमात कुणालाही गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं असं आहे. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. मेलेलं कुत्रं उचला एवढं सांगायलासुद्धा आम्ही भाषा बदलायची? मी मराठीतच देणार आणि पोच घेणार.

अनगोळ
हक्क आहे, कोण नाही म्हणतंय? पण वास माझ्या दारात सुटलाय. मी दोन्ही भाषांत लिहितो, वर मराठी, खाली कन्नड. माझ्या दारातलं मढं दुसऱ्या दिवशी उचललं गेलं.

येळ्ळूर
दोन्हीत द्यायला हरकत नाही. फक्त कन्नडमध्ये द्या म्हणू नका.

वेंगुर्ला रोडकर
सगळ्यांचं वाचलं. माझं मत बदललं नाही, पण मागणी बदलते. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडतो. जनावर पडल्यावर धावाधाव नको, आधीच ठरलेलं हवं. पंचायतीनं जेसीबीवाल्याशी वर्षाचा दर ठरवावा आणि पैसे स्वच्छतेच्या निधीतून द्यावेत. रस्ता कुणाचाही असो, मढं पंचायतीनं उचलावं आणि खर्चाचा हिशेब रस्त्याच्या खात्याकडं पंचायतीनंच मागावा, गावकऱ्यानं मध्ये धावायचं नाही. सोबतच्या माणसाच्या मजुरीचं आणि साहित्याचं ताई म्हणतात तसं ठरावात लिहितो. ठरावाची प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागतो.

निपाणी भाग
ठराव चांगला आहे, ग्रामसभेत हात वर करणारे मिळतील. पण खड्डा कुठं? आमच्याकडं अजून माळ आहे म्हणून जमतं. तुमच्या भागात गायरानावर कुणी ऊस लावलाय, कुणी घरं बांधलीत. जागा नेमलेली नसेल तर जेसीबीवाला मढं उचलेल आणि पुन्हा त्याच ओढ्याला नेईल. ठरावात जागेचा सर्व्हे नंबर घाला. तो घालताना गावात काय होतं ते बघा. खरी भांडणं तिथं सुरू होतील.

जोतीची लेक
आणि तो सर्व्हे नंबर आमच्या वस्तीला लागून नको. हेही ठरावातच लिहून घ्या, नंतर बोलून उपयोग नाही.