अनुभव धागा : ‘जीव असतो तोच मारतो’ हे मुलांना कोणी शिकवले?

आठवी-नववीतल्या मुलामुलींशी प्रेमाविषयी बोलण्याची वेळ आपल्यावर येते ती बहुधा मोबाइलमध्ये काहीतरी सापडल्यावर, म्हणजे रागाच्या भरात. शरीरातील बदलांची माहिती आता काही घरांत आणि शाळांत दिली जाते; पण आवडत्या माणसाने आपल्याशी कसे वागावे, कुठे त्याला थांबवावे आणि त्याने थांबवले तर आपण कसे थांबावे, याविषयी कोणी बोलत नाही. आपण काय बोललात, कुठे अडलात, काय चुकले ते लिहावे. उपदेश नको. मुलांची आणि शाळांची नावे टाळावीत.

शिक्षिका, सातारा जिल्हा

आठवीच्या वर्गात मी खडूचा रिकामा खोका ठेवते आणि मुलांना बिननावाच्या चिठ्ठ्या टाकायला सांगते. पहिल्या आठवड्यात थट्टाच जास्त असते. तीही मी वाचून दाखवते, नाहीतर पुढच्या चिठ्ठ्या येत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात चार घड्या घातलेला वहीचा एक कोपरा निघाला : ‘तो सगळ्यांसमोर माझा हात पिरगाळतो आणि नंतर रडून सॉरी म्हणतो, म्हणजे त्याचे खरे प्रेम आहे ना?’ मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “बाई, जीव असतो तोच मारतो की.” कोणी हसले नाही, कारण बहुतेकांना ते पटलेले होते. मला उत्तर सुचेना. हेच वाक्य नोकरीच्या सुरुवातीला, हातात छडी घेऊन, मी कितीदा तरी ऐकवले होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने छडी बंद केली, वाक्य मात्र वर्गात तसेच राहिले. ते मी त्या दिवशी मुलांना सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी कार्डशीटवर ‘काळजी’ आणि ‘पहारा’ असे दोन रकाने आखले. ‘घरी पोहोचलीस का, असे विचारणे’ काळजीत गेले, ‘कोणाबरोबर आहेस त्याचा फोटो पाठव’ पहाऱ्यात गेले. ‘दुसऱ्या मुलाशी बोलू नकोस’ यावर मात्र तास संपेपर्यंत भांडण चालले आणि निम्मा वर्ग, त्यात मुलीही, ते काळजीतच राहू द्या म्हणत होता. मी निकाल दिला नाही. कागद भिंतीवर राहिला आणि शनिवारी कोणीतरी ती ओळ खोडून पलीकडे लिहिलेली दिसली. अक्षरावरून चिठ्ठी कोणाची ते मला कळले होते. मी तिला बोलावले नाही. आठ-दहा दिवसांनी नकाशाची गुंडाळी आणून देण्याच्या निमित्ताने ती स्वतःच थांबली.

आई, पुणे

मुलीच्या मित्राला तिचे ‘लाइव्ह लोकेशन’ सतत हवे असते आणि ते बंद दिसले की तो दिवसभर बोलत नाही, हे कळल्यावर मी तिला चांगलेच सुनावले. ती शांतपणे म्हणाली, “आई, तूसुद्धा क्लास सुटल्यापासून माझे लोकेशनच बघत असतेस ना?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आता ‘निघाले’ आणि ‘पोहोचले’ असे दोन मेसेज ती करते आणि मी नकाशा उघडत नाही. अगदी खरे सांगायचे तर दोनदा उघडला.

वडील, ठाणे

आमचा मुलगा नववीत. वर्गातल्या मुलीने ‘नको’ म्हटल्यावरही तो मैत्रिणीच्या फोनवरून, नव्या खात्यावरून तिला मेसेज करत राहिला. तिच्या वडिलांचा फोन आला तेव्हा ‘या वयात होतेच’ असे माझ्या तोंडून निघून गेले. त्या माणसाने आवाज न चढवता, ‘माझी मुलगी आठवडाभर शाळेत गेलेली नाही,’ एवढेच सांगितले. रात्री मी मुलाला भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ वाचायला दिले : स्त्रीने स्पष्ट अनास्था दाखवल्यावरही पुन्हापुन्हा संपर्क साधणे हा पाठलागाचा गुन्हा आहे. तो घाबरला, पण त्याला समजले असे मला वाटले नाही. समजले ते त्याच्या मावसभावामुळे, ज्याने स्वतःला मिळालेल्या नकाराची गोष्ट, नंतर आलेल्या रडण्यासकट, त्याला सांगितली. पुरुषाने अशी हार सांगताना त्याने पहिल्यांदाच ऐकले असावे.

शालेय समुपदेशक, नागपूर

एक व्यावहारिक मुद्दा. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नये. २०१२ च्या पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या, कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते, तिची संमती ग्राह्य धरली जात नाही आणि लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्यावर, कलम १९ प्रमाणे, ती कळवण्याचे बंधन असते. वचन देऊन मोडले तर ते मूल पुन्हा कोणापाशीच बोलत नाही. म्हणून मी संभाषणाच्या आरंभीच, कोणती गोष्ट माझ्यापाशी राहील आणि कोणती राहणार नाही, ते सांगते. १०९८ हा बालकांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना पाठ असावा.

आई, न्यू जर्सी

इथे २०११ च्या कायद्यापासून सातवी ते बारावीच्या आरोग्यशिक्षणात हा विषय आहे, त्यामुळे मुलीला शब्द शाळेतच मिळाले. अडचण माझी होती, कारण त्या शब्दांना माझ्याकडे मराठी नव्हते आणि अशा गोष्टी ती माझ्याशी इंग्रजीतच बोलू लागली. वरचे ‘काळजी’ आणि ‘पहारा’ मी उचलत आहे.

वाचक, लातूर जिल्हा

१९९४ साली मी नववीत होते. एसटीत मागच्या सीटवर रोज बसणाऱ्या मुलाने, बोलली नाहीस तर विहिरीत उडी घेईन, अशी चिठ्ठी दिली. मी ती आईला दाखवली आणि त्याच आठवड्यात माझी शाळा बंद झाली. तो मुलगा दहावीला त्याच गाडीने जात राहिला. गेल्या वर्षी भाचीने तसेच काहीसे सांगितले, तेव्हा बहिणीला मी म्हटले, की शाळेत जाऊ, त्याच्या घरी जाऊ, पोलिसांत जाऊ, पण हिचा पास बंद होता कामा नये. आम्ही तिघी त्याच्या घरी गेलो. पास चालू आहे.