जुना पीसी: पंखा फिरतो, स्क्रीन काळीच

प्रश्न (पंचवटी, नाशिक): डीडीआर३ रॅमचा (जुन्या प्रकारच्या मेमरीचा) जुना पीसी पावसाळाभर बंद होता. आता बटण दाबलं की पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही, बीपही नाही. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलू का?

उत्तर १: लगेच खर्च नको. प्लग काढा, रॅमच्या पट्ट्या बाहेर घ्या, सोनेरी पिना खोडरबरने हलक्या हाताने घासा, चुरा ब्रशने झटका. मग एकच पट्टी बसवा, लॉक टक्क वाजेपर्यंत. जमलं नाही तर स्लॉट बदला. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पिनांवर थर चढतो. पहिला संशय तिथेच.

उत्तर २: मदरबोर्डाला (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला) बीपचा छोटा स्पीकर जोडलाय का? नसेल तर बीप येणारच नाही. असेल तर रॅम पूर्ण काढून चालू करा. बीप वाजली तर बोर्ड आणि प्रोसेसर बहुधा जिवंत. बोर्डावरचा सीआर२०३२ (गोल बटणासारखा) सेलही मोजा. तो ३ व्होल्टचा असतो.

उत्तर ३: प्रोसेसरजवळची ४ पिनांची १२ व्होल्टची वायर सैल असली तरी पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते, हे बरेच जण विसरतात. बोर्डावरच्या कॅपॅसिटरची (छोट्या नळकांड्यांसारख्या भागांची) डोकी फुगलीत का पाहा. शेवटी, पीसी चालू ठेवून मल्टीमीटरने एसएमपीएसची पिवळी (१२ व्होल्टची) तार मोजा: ११.४ ते १२.६ व्होल्टबाहेर आकडा असेल तर एसएमपीएस बदला. त्याचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो.