चौदा टेबले आणि दोन लँडलाइन: कोणती फोन-व्यवस्था घ्यावी?

प्रश्न (जळगाव):
नमस्कार. येथील औद्योगिक वसाहतीत आमची डाळमिल आहे. कार्यालयात पूर्वी चौघे होते, आता चौदा जण आहेत; तरीही बाहेरचे फोन दोन लँडलाइनवर आणि उरलेले कर्मचाऱ्यांच्या खासगी मोबाइलवरच येतात. दिवाळीनंतर विक्री पाहणारा एक जण नोकरी सोडून गेला, आणि व्यापारी अजूनही मालाची चौकशी त्याच्याकडेच करतात, ही खरी डोकेदुखी आहे. एक विक्रेता ईपीएबीएक्स (मोजक्या बाहेरच्या लाइन सगळ्या टेबलांना वाटून देणारे यंत्र) सुचवतो, दुसरा आयपी फोन (लॅन-इंटरनेटवरून चालणारे फोन), तर तिसऱ्याचे म्हणणे असे की यंत्र घेऊच नका, दरमहा भाडे भरून क्लाउडवर, म्हणजे पुरवठादाराच्या यंत्रणेवर इंटरनेटमार्फत, सोय करा. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे):
मी ही यंत्रे बसवण्याचेच काम करतो. टेबले मोजू नका. तूरडाळीच्या हंगामात एकाच क्षणी बाहेरचे किती फोन चालू असतात, ते आठवडाभर वहीत टिपा. आकडा चार-पाचाच्या आसपास निघाला, तर एका वेळी 30 संभाषणे वाहणाऱ्या पीआरआय लाइनचे भाडे भरण्यात अर्थ नाही. टेबलांपर्यंत टेलिफोनची तार आधीच ओढलेली असेल, तर ईपीएबीएक्स स्वस्तात पडते; मात्र पुढे माणसे वाढली की कार्ड वाढवावे लागते आणि यंत्रातले खण भरले की यंत्रच बदलावे लागते. आयपी फोनला ही अडचण येत नाही. नेहमीच्या पद्धतीत एका संभाषणाला जाता-येता प्रत्येकी सुमारे 87 केबीपीएस इतका इंटरनेटचा वेग लागतो, म्हणजे दहा संभाषणे एका एमबीपीएसमध्ये बसतात. त्यामुळे वेगाची चिंता नको, खंड पडण्याची करा. जुन्या लँडलाइनला वीज एक्सचेंजमधून मिळत असे, इथे मात्र राउटर, स्विच आणि फोन तिघेही आपल्याच विजेवर चालतात. यूपीएस तिघांनाही हवा. लॅन केबल 100 मीटरपर्यंतच धरा, गोदाम त्याहून लांब असल्यास फायबर टाका.

उत्तर (भुसावळ):
आम्ही क्लाउडची सोय घेतली आणि दोन वर्षे समाधानी होतो. सेवा सोडताना कळले की पाट्यांवर, बिलांवर छापलेला क्रमांक पुरवठादाराच्या नावावर होता. तो आम्हाला मिळाला नाही. आपला मूळ त्रासही क्रमांकाच्या मालकीचाच आहे, म्हणून क्रमांक पेढीच्या नावावर राहील, हे आधी लेखी घ्यावे. शिवाय एक जुनी लँडलाइन ठेवावी. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडल्यावर आमच्याकडे तीच चालू होती.

प्रश्नकर्ता (जळगाव):
दोघांचेही आभार. सोमवारपासून वही ठेवतो. तारा ओढलेल्या असल्याने एक जुने ईपीएबीएक्स पाहिले आहे.

उत्तर (धुळे):
जुने घेणार असाल, तर एक गोष्ट तपासा. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते, आणि बहुतेक यंत्रांत बाहेरची लाइनही शून्यानेच मिळते. म्हणजे दोन शून्ये; यंत्राच्या प्रोग्रॅमिंगमध्ये शून्याने सुरू होणारे बाहेरगावचे (एसटीडी) फोन बंद ठेवण्यासाठी जुने कुलूप घातलेले असेल, तर मोबाइलला फोन लागणारच नाही.