ट्रेलर घेऊन ग्रँट-कोर्स रँचला थांबावं का?

डेन्व्हरकर: चार कुटुंबं, चार ट्रेलर, जुलैत यलोस्टोन नॅशनल पार्कहून ग्लेशियर नॅशनल पार्कला निघालोय. वाटेत मोंटानात डियर लॉज गावी ग्रँट-कोर्स रँच आहे, गुरांचं जुनं रँच, आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. तिथे थांबावं का? की नुसतीच गुरं?

गोठ्यातली आजी: नुसती गुरं कसली! जॉनी ग्रँटने १८६२ मध्ये बांधलेलं घर, १८६६ मध्ये कॉनराड कोर्सने विकत घेतलं. १८९० मध्ये मागे विटांचा भाग जोडला, एकूण २३ खोल्या. प्रवेश फुकट. घर मात्र रेंजरसोबतच, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्याबरोबर फेरीतच आतून बघता येतं, म्हणून पोचल्या पोचल्या वेळ विचारा. आमच्यातले दोघं ट्रेलर मागे घेण्यावरून भांडत बसले आणि फेरी हुकली! मी आपली चकवॅगनपाशी, म्हणजे काउबॉयांच्या स्वयंपाकाच्या गाडीपाशी गेले. विस्तवावर काळीकुट्ट कॉफी उकळत होती, किटलीला बोटभर काजळी. मी कोकणातल्या गोठ्यात वाढलेली. शेणाचा वास आला आणि जीव सुखावला.

प्रवासी पक्षी: ऊन फार लागतं, टोप्या घ्या.

डेन्व्हरकर: मुलं कंटाळतील?

गोठ्यातली आजी: लोहाराचं दुकान दाखवा. आणि १८८६-८७ च्या हिवाळ्याची गोष्ट सांगा, बर्फाखाली चारा गेला नि गुरं कळपांनी मेली. माझा नातू गप्पच झाला. ट्रेलर कोण लावणार ते मात्र आधीच ठरवा हो!