एकच आदण, रीटेक नाही : गुऱ्हाळावरच्या शॉर्ट फिल्मसाठी मदत हवी

टीवाय_कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरात मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गासाठी सहा मिनिटांची कथात्मक शॉर्ट फिल्म करायची आहे. तीन आठवडे उरलेत.

माझी गोष्ट आमच्या थोरल्या चुलत्यांच्या गुऱ्हाळावर घडते. आम्ही सगळी भावंडं त्यांना आप्पा म्हणतो. आप्पा स्वतः गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे, आहेत. चाळीस वर्षं काहिलीपाशी, रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, उभे आहेत. गोष्टीत पुण्याला नोकरी करणारा मुलगा सुट्टीला घरी येतो आणि त्याला कळतं, की पुढच्या वर्षापासून सगळा ऊस कारखान्याला जाणार, गुऱ्हाळ बंद. त्या रात्री बापलेक शेवटचं आदण, म्हणजे काहिलीभर रसाचा शेवटचा गूळ, काढतात. बापाचं काम आप्पा करणार, मुलाचं माझा चुलत भाऊ. ही गोष्ट पूर्ण मनानं रचलेली नाही. आमच्या घरात हा विषय दोन वर्षं निघतोय आणि प्रत्येक वेळी जेवणाच्या ताटावरच थांबतोय. म्हणून मला ही फिल्म चांगलीच करायची आहे, नुसते मार्क नकोत.

काल मोबाईलवर चाचणी शूटिंग केलं. चार अडचणी आल्या.

१. ऊस पिळायच्या चरकाच्या आवाजात संवादातलं एक अक्षर ऐकू येत नाही.
२. काहिलीजवळ गेलं की लेन्सवर वाफ धरते. आणि बल्बच्या उजेडात चित्रावर काळे पट्टे सरकत राहतात.
३. गूळ तयार झाला की काहिल वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या हौद्यात, ओततात. तो क्षण गेला की गेला. आप्पांना ‘परत एकदा’ कसं म्हणू?
४. आप्पा एरवी इतकं सुंदर बोलतात, पण माझे संवाद म्हणायला लागले की शाळेतला धडा वाचल्यासारखं होतं. दोनदा चुकले आणि म्हणाले, ‘पोरी, दुसरं कुणी बघ.’ मला फार वाईट वाटलं.

पटकथा अकरा पानं आहे. सामान म्हणजे माझा मोबाईल, एक ट्रायपॉड आणि मैत्रिणीचा कॉलरला लावायचा माइक. ज्या गावात मूकपटांच्या काळातल्या बाबूराव पेंटरांनी 1918 साली स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा तयार केला, तिथं बसून ‘साधनं नाहीत’ म्हणायला जीभ रेटत नाही. तरी वाट दाखवा.

आवाजवाला

बरं केलंत आवाजाचं पहिल्या नंबरावर लिहिलंत. मी बावीस वर्षं माहितीपटांसाठी आवाज मुद्रित करतोय. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये चित्र कच्चं असलं तरी लोक बसून बघतात, संवाद कळला नाही की दुसऱ्या मिनिटाला उठतात. बाबूरावांना त्या कॅमेऱ्यात साथ देणारे विष्णुपंत दामले पुढं प्रभात फिल्म कंपनीत ध्वनिमुद्रण सांभाळत होते. तुमच्याच गावातला वारसा आहे हा.

चरक चालू असताना संवाद घेऊच नका. रसाची टाकी भरली की आप्पांना सांगून चरक वीस मिनिटं बंद ठेवायला लावा आणि बोलण्याचे सगळे शॉट त्या वेळात उरका. मग चरकाचा आवाज वेगळा मुद्रित करा, जवळून एकदा, शेडच्या बाहेरून एकदा. काहिलीचा खदखदाट वेगळा, चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, उसाचं चिपाड घालतानाचा आवाज वेगळा. संकलनात ते हवे तितके हळू करून संवादाखाली घालता येतात. संवादात मुरलेला चरक मात्र कुणालाही काढता येत नाही.

सगळे गप्प उभे राहून एक मिनिट त्या जागेचा नुसता आवाज घ्या. दोन संवादांमधली भोकं त्यानंच बुजतात. हे सगळेच विसरतात, तुम्ही वहीत लिहून ठेवा.

कॉलरचा माइक दुसऱ्या मोबाईलला जोडा, तो विमान मोडवर टाका आणि आप्पांच्या खिशात ठेवा. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की काम झालं.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि मोबाईल बहुधा सेकंदाला 30 फ्रेमवर असतो. मॅन्युअल नियंत्रण देणारं एखादं अ‍ॅप घ्या, 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर जाळ भडकला की आप्पांचा चेहरा काळा पडेल.

पन्हाळ्याचा_पोरगा

ताई, मी गुऱ्हाळावरच लहानाचा मोठा झालोय. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या शेडमध्येच आहे.

आदण एकदाच होत नाही. रस काहिलीत पडल्यापासून गूळ उतरेपर्यंत अडीच-तीन तास. आमच्याकडं दिवसाला चार आदणं निघायची, एकेकाला सात-आठ रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा. म्हणजे तुम्हाला दिवसात चार वेळा तोच क्षण मिळतोय! पहिलं आदण कॅमेरा न लावता नुसतं बघा आणि घड्याळ बघून लिहा : रस साफ करायचं भेंडीचं पाणी कधी घातलं, मळी, म्हणजे रसातला गाळ, कधी वर आली, काकवी कधी झाली, ओतलं कधी. दुसऱ्याला कॅमेरा लांब ठेवून सगळी शेड घ्या. तिसऱ्याला फक्त हात. चौथ्याला फक्त चेहरे. कपडे तेच ठेवा, आप्पांचा टॉवेल त्याच खांद्यावर. गोष्ट रात्रीची आहे, तर अंधार पडल्यावरची दोन-तीन आदणं घ्या. एका रात्रीत जमलं नाही तर दोन रात्री जा.

ओतायच्या वेळी मात्र आप्पांना ‘थांबा’ म्हणू नका, कधीच नाही. पाक थोडा पुढं गेला की रंग काळपट पडतो, भाव पडतो. वर्षभराच्या उसाचा प्रश्न असतो. आणि वाफ्याच्या कडेला स्वतः उभं राहू नका. उकळता पाक अंगावर उडाला तर पाण्यासारखा ओघळत नाही, चिकटून बसतो. ट्रायपॉड तीन-चार हात मागं ठेवा आणि झूम करायचा मोह झाला तरी चालेल, जवळ जाऊ नका.

वाफेचं म्हणाल तर मोबाईल अर्धा तास आधीच शेडमध्ये आणून ठेवा. थंड काचेवर वाफ धरते, तापलेल्यावर कमी. आणि वारं तुमच्या पाठीमागून येईल अशी जागा धरा.

संकलन_टेबल

अकरा पानं म्हणजे साधारण अकरा मिनिटं. पानाला एक मिनिट हा ढोबळ हिशोब बहुतेक वेळा खरा निघतो. तेव्हा निम्मं तर कापायचंच आहे. काय कापायचं ते सांगते, कारण तुमची चौथी अडचण त्यातच सुटते.

आप्पांना संवाद देऊ नका. त्यांना काम द्या. गुळव्या पाक झाला की नाही ते कसं बघतो? थंड पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळतो. थर्मामीटर लावला तर तो 118 अंशांच्या आसपास दाखवेल, पण त्या बोटांना ते आधीच कळलेलं असतं. ही तुमची फिल्म आहे. बाप गोळी वळतो, मुलगा बघतो. शेवटी बाप पाण्याचं भांडं मुलापुढं सरकवतो. मुलगा गोळी वळतो आणि बापाकडं बघतो. झालं का, अजून वेळ आहे? हे बापानं नुसत्या मानेनं सांगायचं. ‘आपली परंपरा’, ‘मातीचं नातं’ असले शब्द पटकथेत असतील तर आजच खोडा.

बोलणं हवंच असेल तर आप्पांना वाक्य पाठ करायला लावू नका. प्रसंग सांगा आणि त्यांच्या शब्दांत बोलू द्या. भावाला खरंच प्रश्न विचारायला सांगा, ज्याचं उत्तर त्यालाही माहीत नाही.

टीवाय_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री शूटिंग झालं. उशीर झाला, पण सविस्तर लिहिते.

पहिलं आदण मी नुसती वही घेऊन बसले. मी या शेडमध्ये लहानपणापासून येते, पण आप्पा मळी काढताना डावा पाय नेहमी त्याच विटेवर ठेवतात हे पहिल्यांदा दिसलं. ती वीट झिजून खोलगट झालीय. ती आता फिल्मचा पहिला शॉट आहे.

पटकथा चार पानांवर आणली. संवाद एकूण नऊ. चरक बंद करून घेतला तेव्हा आप्पांनी आपणहून विचारलं, ‘आता शांत झालं न्हवं? घे तुझं.’

दुसऱ्या रात्री तिसऱ्या आदणाला भावाला सांगितलं, तुला जे विचारायचं ते विचार. त्यानं विचारलं, ‘आप्पा, मी हितं राहिलो असतो तर चालू ठेवलं असतं का?’ आप्पा काहिलीकडंच बघत राहिले. मग म्हणाले, ‘पाणी आण थंड.’ भावानं भांडं आणलं. त्यांनी थेंब टाकला, गोळी वळली, मोडली आणि भांडं त्याच्याकडं सरकवलं. मी त्यांना हे सांगितलं नव्हतं, ही शपथ. भांडं सरकवायचा शॉट आम्ही चौथ्या आदणाला घेणार होतो.

कॅमेरा हातांवर होता, कारण ते ‘हातांचं’ आदण होतं. चेहरे मिळाले नाहीत. चौथ्या आदणाला पुन्हा करून बघावं असं वाटलं, पण आप्पांना म्हणवलं नाही. संकलन_टेबल, फक्त हात आणि आवाज यावर तो प्रसंग उभा राहील का? शॉट 48 सेकंदांचा आहे. मला तो मध्ये कुठंही कापायचा नाही.

संकलन_टेबल

कापू नका. भावाचा प्रश्न मागच्या शॉटवर ऐकू द्या, चिमणीच्या धुरावर. उत्तराची वाट बघताना हात दाखवा.

आवाजवाला

आणि त्या 48 सेकंदांत संगीत घालू नका. काहिलीचा आवाज वेगळा घेतलाय ना?

टीवाय_कोल्हापूर

घेतलाय. सहा मिनिटांचा.